सुगंध निवडताना: गोव्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

अत्तर आणि परफ्यूमच्या वेडापायी मी ओळखीपाळखीत पुरता बदनाम आहे. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणाला बाटली घ्यायची झाली की प्रश्न माझ्याकडे येतो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत आणि भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ एकच: परफ्यूम आपण एसीच्या दुकानात निवडतो आणि वापरतो मात्र घामाच्या हवेत.

१. परफ्यूम, डिओ, बॉडी मिस्ट आणि अत्तर यांत नेमका फरक काय?

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली सुगंधी द्रव्यं. बॉडी मिस्टमध्ये तीच द्रव्यं फार थोडी असतात, म्हणून ते तासाभरात उडतं. डिओचं काम काखेतला वास रोखणं, सुगंध हा त्याचा जोडधंदा. अत्तरात अल्कोहोल नसतं, ते तेलावर बसवलेलं असतं. त्यामुळे ते अंगासरशी राहतं, खोलीभर पसरत नाही. डिओवर परफ्यूम मारायचा असेल तर डिओ बिनवासाचा घ्या, नाहीतर दोन वासांची खिचडी होते.

२. बाटलीवर ईडीटी, ईडीपी, पार्फम असं लिहिलेलं असतं. जास्त पैसे कशाला द्यायचे?

ईडीटी म्हणजे ओ द त्वालेत, ईडीपी म्हणजे ओ द पार्फम. हे सुगंधी द्रव्यांच्या प्रमाणाचे प्रकार आहेत. ढोबळमानाने कोलोन २ ते ४ टक्के, ईडीटी ५ ते १५, ईडीपी १५ ते २०, पार्फम त्याहून वर. हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत, प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने लावते. शिवाय एकाच नावाच्या ईडीटी आणि ईडीपीची घडणच पुष्कळदा वेगळी असते, त्यामुळे एक आवडला म्हणून दुसरा न हुंगता घेऊ नका. आपल्याकडे दिवसा वापरायला चांगला ईडीटी पुरतो.

३. 'सिग्नेचर' सुगंध असायलाच हवा का? आणि तो एकच हवा का?

असायलाच हवा असं काही नाही. पण एखादा वास वर्षानुवर्षं वापरला की लोक त्यावरून माणूस ओळखू लागतात, आणि त्यात गंमत आहे. एकच असण्याचा आग्रह मात्र थंड देशांत शोभतो. गोव्यात मी दोन सुचवेन: डिसेंबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळींसाठी एक भरदार आणि उरलेल्या वर्षासाठी एक हलका. दोन्हींत एखादा धागा समान असला, म्हणजे दोन्हींत चंदन किंवा दोन्हींत जाई, की ओळख कायम राहते.

४. इतके प्रकार आहेत, सुरुवात कुठून करू?

नाकाला आधीपासून जे आवडतं तिथून. एक कागद घ्या आणि ज्या वासांनी तुमचा पाय थबकतो ते लिहून काढा. म्हार्दोळच्या महालसेच्या देवळापाशी मिळणाऱ्या जायांच्या माळा, सहाणेवर उगाळलेलं चंदन, वाळ्याच्या पडद्यावर मारलेलं पाणी, लिंबाची साल, आंब्याचा मोहोर, धूप, भाजलेली कॉफी, काहीही. यादी प्रामाणिक असू द्या. मासिकातली जाहिरात आठवून लिहू नका.

आता यादी कुठे झुकते ते पाहा. लिंबू-संत्र्याकडे असेल तर कोलोनच्या घराण्यात शिरा. हे घराणं जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ च्या सुमारास योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने सुरू केलं, आणि उकाड्यावर तो जुना उतारा आहे. न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडताना येतो तसा स्वच्छ, साबणी वास आवडत असेल तर 'फूजेर' म्हणून विचारा. १८८२ च्या 'फूजेर रॉयाल'मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं कुमारिन हे सुगंधी द्रव्य पहिल्यांदा वापरलं गेलं आणि पुरुषांच्या परफ्यूमची अर्धी वंशावळ तिथून निघाली. धूप, व्हॅनिला, दालचिनी आवडणाऱ्यांसाठी अंबर घराणं आहे, गेर्लें या फ्रेंच कंपनीचं १९२५ चं 'शालिमार' हा त्याचा नमुना. चंदन आणि वाळा आवडला तर वूडी. गोडाधोडाकडे ओढा असेल तर गूर्मां, म्हणजे १९९२ च्या 'एंजल'नंतर आलेली जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखी मंडळी. ही शेवटची मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात वापरून पाहू नका.

काजूच्या पिकल्या बोंडाचा वास आवडतो म्हणणारेही बरेच भेटतात. त्याला परफ्यूमच्या बाटलीत कोंडायची गरज मला वाटत नाही. ते काम फेणीचे भट्टीवाले पिढ्यान्‌पिढ्या चोख करत आले आहेत.

५. दुकानात चार-पाच हुंगले की सगळे सारखेच वाटतात. नीट तपासायचं कसं?

एका वेळी तीन-चारच, आणि तेही आधी कागदाच्या पट्टीवर. पट्टीवर मारून लगेच नाकाला लावू नका, अल्कोहोल उडायला अर्धा मिनिट द्या. त्यातून दोन निवडा आणि एकेका मनगटावर एकेक घ्या. मग दुकानाबाहेर पडा. पणजीच्या अठरा जून रोडवर असाल तर भर दुपारी एक फेरी मारा, चहा प्या, बसने घरी जा.

कारण असं की पहिली दहा-पंधरा मिनिटं जे येतं ते वरचं पदर असतं: लिंबू, बर्गमॉट, मिरी वगैरे चटकन उडणारं. दुकानात मन जिंकायला ते मुद्दाम छान केलेलं असतं. मधला भाग, फुलं आणि मसाले, त्यानंतर तीन-चार तास टिकतो. लाकूड, कस्तुरीसारखे वास आणि राळ शेवटी उरतात. दिवसाचा मोठा भाग तुम्हाला या मधल्या आणि शेवटच्या वासाबरोबर काढायचा आहे, तेव्हा निर्णय त्यावर घ्या.

मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने काही साधत नाही. तो आणखी एक उग्र वास आहे, इतकंच. त्यापेक्षा स्वतःच्या शर्टाच्या बाहीत नाक खुपसा. शक्य असेल तर २ मिलीचा नमुना घ्या: एका फवाऱ्याला साधारण ०.१ मिली लागतं, म्हणजे वीसेक फवारे मिळतात. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा, एक कदंब बसच्या गर्दीतला प्रवास एवढ्यात निकाल लागतो.

६. युट्यूबवर 'बारा तास टिकतो' म्हणतात, माझ्या अंगावर पणजीत तीन तासांत गायब. माझ्या त्वचेत दोष आहे का?

दोष बहुधा हवेचा आहे. उष्णतेने सुगंधी द्रव्यं लवकर उडतात, त्यात घामाने अंग सतत धुतलं जातं. हलकी द्रव्यं भराभर संपतात. याउलट व्हॅनिला, ऊद, गोड राळ यांसारखी जड मंडळी उष्णतेने फुगतात आणि दमट हवेत आजूबाजूच्यांच्या अंगावर येतात. म्हणून एकाच हवेत एकाची तक्रार 'टिकत नाही' आणि दुसऱ्याची 'डोकं दुखतं' अशी असते.

उपाय साधे आहेत. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, मग फवारा. कोरड्या त्वचेवर वास लवकर मरतो, किंचित स्निग्ध त्वचेवर धरून राहतो. खोबरेल चालतं, पण त्याचा स्वतःचा वास मिसळणार हे धरून चाला. बारा तासांच्या मागे लागून जड परफ्यूम घेण्यापेक्षा हलका घ्या आणि ५ मिलीच्या छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत भरून पिशवीत ठेवा. दुपारी तोंड धुऊन, घाम पुसून पुन्हा एक फवारा. घामावर मात्र मारू नका.

वाळा, चंदन, चहाच्या पानांची छटा असलेले, संत्र्याच्या फुलाचे आणि हलक्या जाईचे सुगंध आपल्या हवेत नीट वागतात. त्यातही वाळा माझा लाडका. आणि मुळात वास खरंच गेला आहे का, हे आधी तपासा (प्रश्न ८).

७. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो. त्यावर परफ्यूम मारला तर चालेल ना?

नाही. कुबटपणा बुरशीचा असतो. त्यावर सुगंध मारला की दोन्ही वास एकत्र येतात आणि बुरशीच जिंकते. आधी कपडे परत धुऊन पंख्याखाली खडखडीत वाळवा, कपाटात डांबराच्या गोळ्यांऐवजी वाळ्याच्या मुळांची जुडी ठेवा. डांबराच्या गोळीचा वास रेशमात एकदा बसला की कुठल्याही परफ्यूमला दाद देत नाही.

८. लावल्यावर अर्ध्या तासात मला स्वतःला वासच येत नाही. बाटली डुप्लिकेट आहे का?

नाक सततच्या वासाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. स्वतःच्या घराचा वास घरच्यांना येत नाही, पाहुण्याला येतो. म्हणून आणखी चार फवारे मारायच्या आधी घरातल्या कुणाला तरी विचारा. रोज तोच परफ्यूम वापरणाऱ्यांनी आठवड्यातून एखादा दिवस खाडा करावा. आणि अचानक कुठलाच वास येईनासा झाला, चहाचाही नाही, फोडणीचाही नाही, तर परफ्यूमचा विचार सोडून डॉक्टरांकडे जा. डुप्लिकेटसाठी प्रश्न १८ पाहा.

९. कुठे आणि किती फवारायचं?

दिवसा दोन, संध्याकाळी तीन. मानेच्या मागे, छातीवर, कोपराच्या आतल्या बाजूला. मनगटं एकमेकांवर घासली की 'रेणू तुटतात' ही अतिशयोक्ती आहे, पण घासल्याने वरचं पदर लवकर उडतं हे खरं. सुती कपड्यावर वास जास्त टिकतो. पांढऱ्या कपड्यावर, रेशमावर, मोत्यांवर मारू नका: डाग पडतात, मोत्यांची झळाळी जाते. अत्तर असेल तर कानामागे बोट टेकवणं पुरे, नाहीतर कापसाचा फाया कानाच्या पाळीत, आजोबा लावायचे तसा.

१०. सुरंगी, बकुळ, जायो, अबोली... आपल्या फुलांचा परफ्यूम मिळतो का?

अबोलीचा निकाल आधी लावू: अबोलीला वासच नाही. केसांत अबोलीची फाती, म्हणजे माळ, माळलेल्या बाईंजवळून सुगंध आला असेल तर तो शेजारच्या मोगऱ्याचा.

जाई आणि मोगरा मात्र जगभरच्या परफ्यूमचा कणा आहेत. तमिळनाडूतल्या फुलांचा अर्क फ्रान्सच्या बड्या घराण्यांपर्यंत जातो. या फुलांना थेट वाफ मानवत नाही, त्यामुळे द्रावकाने अर्क काढतात. म्हार्दोळला श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास जायांची पूजा होते, तेव्हा देवळाच्या आवारात उभं राहून पाहा. गोडव्याखाली एक जरा मांसल, जनावरासारखी छटा लागते. ती इंडोल नावाच्या द्रव्याची. स्वस्त जाईच्या परफ्यूममध्ये ही छटा काढून टाकलेली असते, म्हणून तो फरशी पुसायच्या द्रवासारखा वाटतो.

सोनचाफ्याचं अत्तर मिळतं, पण निवडून घ्यावं लागतं, बरीचशी निव्वळ गोड असतात. बकुळीची अत्तरंही मिळतात. बकुळीचं खरं सुख फुलातच आहे: सुकलेली माळ कपाटात महिनोन्‌महिने वास देते.

सुरंगीचं दुखणं वेगळं आहे. हे झाड कोकण-गोव्याच्या पट्ट्यातलं, फुलतं उन्हाळ्याच्या तोंडाला. फुलं जुन्या फांद्यांना लगडतात, आणि कळ्या पुरत्या उमलायच्या आत, पहाटेच तोडाव्या लागतात. वेंगुर्ल्याकडून आणि आपल्या बाजारांतून येणारे वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, सुकले तरी घमघमतात. 'सुरंगी' असं नाव लिहिलेल्या बाटल्या मिळाल्या तरी हंगामात खरा वळेसर हातात घेऊन ताडून पाहा. मी एकही तंतोतंत जुळणारी हुंगलेली नाही. सुरंगीचं वेड असेल तर वळेसर साडीच्या घडीत ठेवा आणि अंगावर हलकं चंदन लावा. दोन्हींचं जमतं.

११. पहिल्या पावसाचा वास बाटलीत मिळतो म्हणतात, खरं का?

उत्तर प्रदेशातल्या कनौजला 'मिट्टी' अत्तर बनतं. भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यात उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. या वासाला पेट्रिकोर हे शास्त्रीय नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी दिलं. त्यातला मुख्य मातकट वास जिओस्मिनचा, ते मातीतले जिवाणू बनवतात आणि माणसाचं नाक ते नगण्य प्रमाणातही ओळखतं. अत्तर सुंदर असतं, पण माती गंगाकाठची. आपल्या जांभ्यावरच्या पावसाशी हुबेहूब जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

१२. जत्रेत, बाजारात मिळणारं अत्तर अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

बहुतेक अस्सल नसतं, आणि किमतीवरूनच ते कळतं. एक किलो गुलाबतेलाला ३ ते ५ टन पाकळ्या लागतात. तेव्हा शंभर रुपयांच्या कुपीत गुलाब असणं शक्यच नाही, तिथे कृत्रिम सुगंध पातळ तेलात किंवा डीईपी नावाच्या द्रावकात मिसळलेला असतो. तो वाईटच असतो असं नाही. शंभराची वस्तू म्हणून घ्या, फक्त अस्सल समजून दोन हजार मोजू नका.

कनौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, खाली मंद आच, आणि बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे त्या भांड्यात, जिथे चंदनाचं तेल वाट पाहत असतं. चंदन महागल्यापासून अनेक कारागीरही दुसरी तेलं वापरतात. चांगला विक्रेता आधार कुठला आहे हे सरळ सांगतो. तोच प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा पाहा. हातावर लावून चार तासांनी हुंगा: खऱ्या अत्तरात बदल होत जातो, बनावट पहिल्या मिनिटाला जसं तसंच अखेरपर्यंत, आणि मग एकदम काही नाही.

१३. समुद्राचा वास असलेला परफ्यूम घेतला, पण तो कलिंगडासारखा येतो. असं का?

कारण त्यात बहुधा कॅलोन आहे. १९६६ मध्ये सापडलेलं हे द्रव्य १९९० च्या दशकात गाजलं आणि 'समुद्री' सुगंध म्हणजे तेच असं ठरून गेलं. ओल्या वाऱ्याचा भास आणि कापलेल्या कलिंगडाची छटा, दोन्ही त्याचीच. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर लहानपणापासून फिरलेल्या नाकाला ते पटणं कठीण, आपल्या समुद्रात खारं, शेवाळी आणि सुक्या मासळीचंही काहीतरी असतं.

१४. मला 'फॉर मेन' लिहिलेला आवडतो आणि मी बाई आहे. वापरू का?

खुशाल. ते लेबल दुकानातल्या फळीसाठी असतं.

१५. समुद्रावर जाताना मानेवर कोलोन लावला, तिथे काळपट डाग पडला. कशामुळे?

नैसर्गिक बर्गमॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांत बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग डाग राहतो. आजच्या मोठ्या कंपन्या ते काढलेलं तेल वापरतात, घरगुती मिश्रणांची खात्री नाही. उन्हात जाताना सुगंध झाकलेल्या अंगावर किंवा कपड्यावर लावा. डाग आठवडे-महिने राहू शकतो. खाज किंवा फोड असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

१६. ऑफिसात, देवळात, मयताला लावून जावं का?

ऑफिसात एसीच्या बंद खोलीत एकच फवारा. शेजारच्याला अर्धशिशी किंवा दमा असेल तर तोही नको. देवळात हलकं अत्तर कुणाला खटकत नाही. अल्कोहोलचा विधिनिषेध पाळणारे तेच लावतात. परफ्यूम ज्वालाग्राही असतो, समईजवळ किंवा उदबत्तीपाशी फवारू नका. मयताला काहीच लावू नये, असं माझं मत.

१७. मुलीच्या लग्नासाठी सुगंध सुचवाल का?

केसांत काय माळणार ते आधी ठरवा. जायांची वेणी असेल तर तीच मुख्य सुगंध, अंगावर फुलांचा परफ्यूम नको, चंदन किंवा वाळा पुरे. फुलं नसतील तर मोकळं रान आहे. नवीन परफ्यूम त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका, महिनाभर आधी वापरून पाहा. शालूबद्दल प्रश्न ९.

१८. किनाऱ्यावरच्या दुकानात 'फर्स्ट कॉपी' निम्म्या किमतीत मिळते. घ्यावी का?

'फर्स्ट कॉपी' म्हणजे नक्कल, नाव गोंडस एवढंच. आत काय मिसळलंय याचा पत्ता नसतो आणि ते तुम्ही त्वचेवर लावता. रीतसर आयात झालेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक आणि एमआरपी यांचं लेबल असतं. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक जुळायला हवा. पैसे वाचवायचे असतील तर अस्सल परफ्यूमची छोटी बाटली घ्या, किंवा टायटनच्या 'स्किन'सारख्या देशी कंपन्यांकडे वळा.

१९. बारा-पंधरा वर्षांनी माझा आवडता परफ्यूम परत घेतला. तोच नाही वाटत. मला भास होतोय का?

भास नसावा. नियम बदलतात आणि परफ्यूम नव्याने बांधावे लागतात. युरोपात लिलियल हे लोकप्रिय फुलांचं द्रव्य मार्च २०२२ पासून बंद झालं. ओकमॉस या दगडफुलाच्या जातीतल्या अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकांवरही बंदी आली, त्यामुळे शेवाळी वासाचे जुने परफ्यूम बदलले. कंपन्या बाटलीवर हे लिहीत नाहीत. जुनी बाटली शोधायला निघाल्यास प्रश्न २० आधी वाचा.

२०. बाटली किती वर्षं टिकते? फ्रीजमध्ये ठेवू का?

नीट ठेवली तर तीन ते पाच वर्षं सहज. ऊन, उष्णता आणि हवा हे तीन शत्रू. खिडकी, बाथरूम आणि गाडीचा डॅशबोर्ड टाळा, खोक्यासकट आतल्या खोलीच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजची गरज नाही. रंग गडद झाला म्हणून फेकू नका, व्हॅनिला असलेले परफ्यूम काळवंडतातच. पहिल्याच फवाऱ्याला आंबूस किंवा व्हिनेगरसारखं आलं आणि ते दहा मिनिटांत गेलं नाही, तर मात्र खराब.

२१. दुबईहून भाऊ परफ्यूम पाठवायचं म्हणतो. कुरियरने येईल का? विमानात?

टपालाने नको. अल्कोहोलचा परफ्यूम ज्वालाग्राही माल म्हणून धरला जातो आणि हवाई टपालात अडकतो. भाऊ स्वतः येत असेल तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या सामानात १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. चेक-इनमध्ये प्रत्येक बाटली अर्ध्या लिटरपर्यंत, प्रसाधनं मिळून एकूण २ लिटर. ड्युटी फ्रीची सीलबंद पिशवी प्रवास संपेपर्यंत उघडू नका, विशेषतः मध्ये विमान बदलायचं असेल तर. बिनअल्कोहोलचं अत्तर असेल तरी कुरियरवाल्याला आधी विचारा.

२२. किनाऱ्यावर व्हेलची 'उलटी' सापडली तर लाखो मिळतात ना? परफ्यूमवाले घेतात ना?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर स्पष्ट आहे: हात लावू नका, घरी नेऊ नका, विकायचा विचारही करू नका. ही 'उलटी' म्हणजे अंबरग्रीस, ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने ते बाळगणं आणि विकणं भारतात गुन्हा आहे. काही देशांत नियम सैल आहेत, त्या देशांतल्या बातम्या वाचून इथे हिशेब करू नका. असं काही दिसलं तर वन खात्याला कळवा. किनाऱ्यावरचा मेणचट गोळा बहुतेक वेळा डांबर किंवा चरबीच निघते, ते ठरवणं त्यांचं काम.

परफ्यूमवाल्यांना त्याची गरजही उरलेली नाही. तशी खारट-उबदार छटा आज अँब्रॉक्सनने आणतात, आणि ते क्लॅरी सेज या वनस्पतीपासून मिळणाऱ्या द्रव्यातून बनवता येतं. प्रश्न ४ मधल्या 'अंबर' घराण्याचा मात्र व्हेलशी संबंध नाही, ते व्हॅनिला आणि राळेचं मिश्रण आहे.